भीतीपासून संशयापर्यंत : सोलापुरातल्या सिझरचा मागोवा

तीस वर्षांपूर्वी सोलापुरात ‘सिझर करावं लागेल’ असं डॉक्टरांनी म्हटलं, की घर हादरायचं. कुणी रक्त देणारा माणूस शोधायला धावायचं, कुणी देव पाण्यात ठेवायचं. आज तेच ऐकल्यावर नातेवाईक एकमेकांकडे पाहतात आणि हळूच विचारतात, ‘खरंच गरज होती का?’

१९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर बाळंतपणांत जेमतेम तीन सिझेरियन होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण २१.५ टक्के झालं, महाराष्ट्रात २५.४. देशातल्या सरकारी रुग्णालयांत ते १४.३ टक्के होतं आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. भीती जाऊन संशय आला, तो याच तफावतीतून.

भीतीच्या काळात सोलापूरकरांचा आधार होता डफरीन चौकातलं बाळंतपणाचं रुग्णालय आणि १९६३ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचं ‘सिव्हिल’. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीच्या खेड्यांतूनही बाया इथे यायच्या. बाळ आडवं, वार खाली, नाहीतर झटके सुरू झालेले. पोहोचायलाच उशीर व्हायचा. अशा बाईला सिझरनेच जीवदान मिळायचं. महाराष्ट्रात २००४-०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं, रक्ताची सोय, २०१४ पासूनची १०८ रुग्णवाहिका यांच्याबरोबर वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेचाही त्यात वाटा आहे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त आणि जेवण मोफत केलं. हे विसरून सिझरला सरसकट दोष देणं अन्यायाचं आहे.

पण संशयही निराधार नाही. ‘पाणी कमी झालंय’, ‘नाळेचा वेढा आहे’, ‘बाळाने पोटात शी केलीय’ ही कारणं घराघरांत पाठ झाली आहेत. त्यातली काही खरोखर तातडीची असतात. नुसता नाळेचा वेढा मात्र बहुतेक वेळा सिझरचं कारण ठरत नाही. मुहूर्त काढून आणणारी आणि कळा नकोत म्हणणारी घरंही आहेत, हेही मान्य करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. २०१५ मध्ये तिने भर दिला तो ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येक बाईला सिझर मिळण्यावर. त्याच वेळी, लोकसंख्येत हे प्रमाण १० टक्क्यांपलीकडे गेल्यावर मृत्यू आणखी घटत असल्याचं दिसत नाही, हेही तिने नोंदवलं.

या सगळ्यात बाळंतिणीचे हाल मोजले गेले नाहीत. सोलापुरात हजारो बाया घरी विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसावं लागतं आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांवर. ओल्या टाक्यांनी तसं बसवत नाही, आणि बसलं नाही तर पैसे नाहीत. त्यातच ‘टाक्यात पू होईल’ म्हणून भात, तूप, डाळ बंद करणारी घरं अजून आहेत. जखम भरायला जे अन्न लागतं, तेच तिच्या ताटातून काढून घेतलं जातं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सही करायला आईवडील असतात, नवरा फोनवर. कारण सांगितलं जातं घाईत, तेही वडिलांना किंवा भावाला. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या या शहरात खुद्द बाईला तिच्या भाषेत ते कितीदा कळतं? कागद माहेरच्या पेटीत राहतात आणि दुसऱ्या खेपेला सासरच्या गावातल्या डॉक्टरांपुढे ती रिकाम्या हाताने उभी राहते. पोटावरचा व्रण दिसतो, पण त्यावरून गर्भाशयावरचा काप आडवा होता की उभा, हे कळत नाही. पहिलं सिझर झालं म्हणून दुसरंही सिझरच, असा नियम नाही; मात्र नॉर्मलचा प्रयत्न करायचा का, हे त्या कापावर आणि पहिल्या कारणावर बरंच अवलंबून असतं. कागद नसेल, तर सावध डॉक्टर पुन्हा सिझरकडेच वळतात.

२०१७ मध्ये मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांनी आपलं सिझरचं प्रमाण जाहीर करावं, अशी ऑनलाइन याचिका केली आणि हा प्रश्न देशभर पोहोचला. तो आकडा प्रत्येक रुग्णालयाच्या दारावर लागायलाच हवा. पण घराचा संशय एकट्या आकड्याने फिटणार नाही. तो फिटेल बाळंतिणीला समोर बसवून सांगितलेल्या कारणाने. डॉक्टरांनी ते तिला सांगावं आणि डिस्चार्ज कार्डावर वाचता येईल असं लिहावं. आईवडिलांनो, मुलीला सासरी धाडताना बाळंतविड्याबरोबर ते कार्डही तिच्या हाती द्या. पुढच्या बाळंतपणात तिला त्याचीच सर्वांत जास्त गरज पडणार आहे.