कोड झाला, आता डॉक्युमेंटेशन कशात लिहायचं?

संशोधनासाठी लिहिलेला कोड ओपन सोर्स करायचं ठरलं की हा प्रश्न येतोच: माहिती वर्डमध्ये लिहू, पीडीएफ करू, मार्कडाउन वापरू, की स्फिंक्स शिकून घेऊ? तुलनेचे तक्ते भरपूर मिळतील. पण त्यांत साधनांची मोजदाद असते, वाचणारा माणूस कुठेच नसतो. म्हणून आपण जवळचंच उदाहरण घेऊ.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्हाला माहीत असेल. कमी पावसाचं गाव. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं, ही तिथली पद्धत. समजा, अशा ताळेबंदासाठी तुम्ही पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाऊस मिलीमीटरमध्ये, क्षेत्र हेक्टरमध्ये आणि उत्तर टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरमध्ये. एका हेक्टरवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. तेव्हा 100 हेक्टरवर 400 मिलीमीटर पडला तर 400 टीसीएम.

आता कुणी क्षेत्र एकरात भरलं तर? 100 हेक्टरच्या जागी 247 हा आकडा जातो, उत्तर जवळपास अडीच पट फुगतं आणि प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. कागदावर उन्हाळी पिकापुरतं पाणी दिसतं, विहिरीत ते नसतं. म्हणजे ‘क्षेत्र हेक्टरमध्येच द्या’ हे एक वाक्य तुमच्या सगळ्या आलेखांपेक्षा महत्त्वाचं आहे. फॉरमॅट निवडताना विचारायचं ते इतकंच: हे वाक्य कुठे राहील, आणि कोड बदलला की ते कोण बदलेल?

वर्डची फाइल इथेच मार खाते. ती कोडपासून लांब, कुणाच्या तरी मेलमध्ये पडून असते. गिटमध्ये ठेवली तरी कुठली ओळ बदलली ते सरळ दिसत नाही. त्यात मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर विचारूच नका. दुसऱ्या संगणकावर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. पीडीएफ छापायला उत्तम, पण ती शेवटी तयार करायची वस्तू आहे, मूळ प्रत नव्हे.

मार्कडाउन 2004 साली जॉन ग्रुबर यांनी आणलं. अर्ध्या तासात शिकता येतं, साध्या मजकुराची फाइल असते, गिटला ती आवडते. एकट्याचा प्रकल्प, पाच-सहा फंक्शन्स, एवढंच असेल तर चांगलं रीडमी लिहा आणि थांबा. खरंच थांबा. साधन सजवण्यात महिना घालवून मजकूर रिकामा ठेवलेले प्रकल्प कमी नाहीत.

प्रोग्रॅम वाढला की स्फिंक्सचा विचार करा. पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी ते 2008 मध्ये आलं. फंक्शनच्या आतच लिहिलेलं वर्णन ते उचलून पानावर मांडतं, त्यामुळे एककाचं वाक्य कोडच्या शेजारीच राहतं. पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते डॉकटेस्ट. ‘100 हेक्टर, 400 मिलीमीटर, उत्तर 400’ हे उदाहरण डॉक्युमेंटेशनमध्ये लिहायचं आणि डॉकटेस्ट चालवली की संगणक ते खरोखर करून बघतो. उद्या कुणी सूत्र बदललं आणि उत्तर 400 येईना, की चाचणी नापास. वर्डच्या फाइलला हे कसं जमणार? (स्फिंक्सची मूळ लेखनपद्धत, रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट, थोडी किचकट आहे. मिस्ट नावाचं एक्स्टेन्शन जोडलं की मार्कडाउनमध्येही लिहिता येतं.)

मराठी आवृत्ती करायची असेल तर निवड आणखी सोपी होते. क्यूजीआयएसचं डॉक्युमेंटेशन स्फिंक्सवर आहे. मूळ इंग्रजी मजकुराचे तुकडे वेगळे काढून स्वयंसेवक त्यांचं भाषांतर करतात, आणि मूळ वाक्य बदललं की तेवढाच तुकडा पुन्हा तपासायला येतो. एमकेडॉक्स दिसायला देखणं आणि सोपं आहे, पण ही सोय त्यात मुळात नाही. वेगळं प्लगइन शोधावं लागतं.

व्हिडिओचं काय? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीतही ट्युटोरियल्स केली आहेत. त्यांची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: प्रत्येक व्हिडिओमागे वेळेनुसार लिहिलेली संहिता असते. पडद्यावरचं एक बटण हललं तर व्हिडिओ पुन्हा करावा लागतो. संहितेत एक ओळ बदलते. तेव्हा आधी संहिता लिहा, रेकॉर्डिंग नंतर.

स्फिंक्सच्या शोधसोयीबद्दल एक सांगून ठेवतो. इंग्रजीत शब्दांची रूपं ओळखून शोध चालतो, पण ती सोय असलेल्या भाषांत मराठी नाही. वाचक ‘पाणी’ शोधेल आणि तुमच्या पानावर ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’ असेल, तर ते पान हाती लागेलच असं नाही. म्हणून प्रत्येक मराठी पानाच्या शेवटी मूळ रूपातले शब्द एका ओळीत द्या: पाणी, पाऊस, विहीर, हेक्टर, एकर.