काटा खोटं बोलला तर

जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची अँटेना आकाशातल्या एखाद्या स्रोताच्या मागावर असते तेव्हा ती हलते आहे हे खाली उभ्या माणसाला कळतही नाही. नवा स्रोत धरायचा असला की मात्र 45 मीटर व्यासाची ती जाळीदार वाटी मिनिटाला साधारण 30 अंशांनी वळते. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दुर्बिणीच्या गावी, खोडदला, जमणारी गर्दी तेव्हा आभाळाकडे बघते. मी बघत होतो खांबावरच्या गिअरकडे.

अशा 30 अँटेना. त्यातल्या 14 मध्यवर्ती भागात, बाकीच्या 16 इंग्रजी वायच्या तीन फाट्यांवर जुन्नर-आंबेगावच्या शिवारात दूरवर विखुरलेल्या. सगळ्यांना हुकूम जातो तो ऑप्टिकल फायबरमधून. जवळची अँटेना खरंच वळली का, हे बाहेर येऊन डोळ्यांनी बघता येतं. लांबच्या अँटेनाचं मात्र पडद्यावरचा आकडा सांगेल तेच खरं मानायचं.

सायबर-फिजिकल सुरक्षेचं सगळं दुखणं या आकड्यात आहे. बँकेत चोरी झाली तर पैसा जातो. इथे संगणकाचा हुकूम लोखंड हलवतो. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातकी प्रोग्रॅमने इराणच्या नतांझ अणुकेंद्रातली सेंट्रिफ्यूज बिघडवली आणि पडद्यावर मात्र आधी टिपून ठेवलेले सुरळीत आकडे फिरवत ठेवले. काटा जागेवर, यंत्र मोडतंय! दुर्बिणीही यातून सुटलेल्या नाहीत. 29 ऑक्टोबर 2022 ला चिलीतल्या अल्मा वेधशाळेच्या संगणकांवर हल्ला झाला. अँटेनांना धक्का लागला नाही, तरी निरीक्षणं दीड महिन्याहून अधिक काळ बंद पडली.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो. प्राध्यापक आदित्य माथूर यांची कारकीर्द आधी बिट्स पिलानी, मग अमेरिकेत पर्ड्यू, अशी सॉफ्टवेअर तपासण्यात गेली. पुढे सिंगापूरच्या तंत्रज्ञान आणि डिझाइन विद्यापीठात त्यांच्या सायबर सुरक्षा केंद्राने 2015 मध्ये पाणी शुद्ध करणारा एक छोटा, पण खराखुरा प्रकल्प उभारला, तो हल्ले करून बघण्यासाठीच. त्यांचं म्हणणं असं, की नळ उघडा आहे आणि उपसा बंद आहे, तर टाकीतली पातळी चढलीच पाहिजे. ती चढत नसेल तर कोणीतरी खोटं बोलतंय. सेन्सर, नळ किंवा मध्ये घुसलेला माणूस. चोर संकेतशब्द पळवू शकतो, पाण्याचा स्वभाव बदलू शकत नाही.

खोडदच्या अँटेनाला हेच लावून पाहा. वळण्याचा हुकूम गेला की मोटर वीज ओढणार, कोन बदलणार, आणि तोही ठरल्या वेगाने. सेकंदात कोन दहा अंशांनी सरकलेला दिसला, तर तो आकडा त्या मोटरचा नव्हेच. आणि शेवटी असतो लिमिट स्विच. वाटी मर्यादेबाहेर निघाली की वीज तोडणारा. त्याला अक्कल नाही, म्हणूनच तो फसत नाही.

हेच धरणांनाही लागू. आंबेगावात घोड नदीवर डिंभे धरण आहे. धरणांची दारंही आता दुरून हलवता येतात, पातळीही दुरून मोजता येते. सोय मोठी आहे, नाकारायचं कारण नाही. पण भिंतीवर रंगाने आखलेली मोजपट्टी असते ना, सेन्सर आले म्हणून ती पुसू देऊ नये, आणि पावसाळ्यात ती वाचणारा माणूसही कमी करू नये.