खेळाची आवड, पदवी आणि खिसा

आमची मुलगी अकरावीत असताना एके रात्री जेवताना म्हणाली, "मला स्पोर्ट्स कम्युनिकेशन करायचंय." आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. मंडळाच्या गणपतीत मुलांची चौकशी होते तेव्हा मेडिकल, कॉम्प्युटर ही उत्तरे सर्वांना कळतात. या उत्तरावर मात्र पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे नक्की काय करणार?" खरे तर तो आम्हालाही पडला होता. वर्षभर चौकशी केली, थोड्या चुकाही केल्या. इतर सभासदांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम विषयाबद्दल. सामन्यांच्या बातम्या लिहिणे, रेडिओ-टीव्हीवर समालोचन, कॅमेऱ्यामागची कामे, संघाची प्रसिद्धी आणि आकडेवारी सांभाळणे, हे सारे यात येते. अ‍ॅरिझोना स्टेट, इंडियाना, क्लेमसन या सरकारी विद्यापीठांत हे शिक्षण मिळते. इलिनॉयमधील ब्रॅडली या खाजगी विद्यापीठात तर त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. नोकरीची सुरुवात बहुधा लहान गावात, कमी पगारावर होते, आणि शनिवार-रविवार व संध्याकाळी काम असते. म्हणूनच पदवीसाठी किती कर्ज काढायचे हा प्रश्न इथे इंजिनिअरिंगपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

आता आकडे. कॉलेज बोर्डाच्या माहितीप्रमाणे २०२४-२५ साली एका वर्षाची सरासरी फी अशी होती: स्वतःच्या राज्यातील सरकारी विद्यापीठ ११,६१० डॉलर, परराज्यातील सरकारी ३०,७८०, खाजगी ४३,३५०, आणि कम्युनिटी कॉलेज ४,०५०. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. स्वतःच्या राज्यात चार वर्षे शिकल्यास फी सुमारे ४६,५०० डॉलर होते. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढली तर ती ३१,३०० च्या आसपास येते. मात्र तिथले कोणते विषय विद्यापीठ धरणार, हे आधीच लेखी घ्यावे.

आमची चूक इथेच झाली. एका खाजगी कॉलेजकडून वर्षाला २०,००० डॉलर शिष्यवृत्तीचे पत्र आले. आम्ही पेढे आणले, पुण्याला फोनही केला. नंतर शांतपणे बेरीज केली तेव्हा शिष्यवृत्ती वजा जाऊनही ते आमच्या राज्याच्या विद्यापीठापेक्षा बरेच महाग निघाले. शिवाय पत्रातील 'मदती'च्या रकान्यात फेडायचे कर्जही बेमालूम मिसळलेले होते. तेव्हापासून आमचा नियम झाला: पत्र हातात आले की अनुदान आणि कर्ज यांच्या दोन वेगळ्या याद्या करायच्या. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतो. अर्ज करण्यापूर्वीच त्यात घरचे उत्पन्न भरून पाहावे. फाफ्साचा फॉर्मही वेळेत भरावा. आपल्याला काही मिळणार नाही असे समजून पुष्कळ घरे तो भरतच नाहीत, पण विद्यार्थ्याच्या नावावरचे सरकारी कर्ज त्यातूनच मिळते. आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला ते चार वर्षांत सर्वसाधारणपणे २७,००० डॉलरपर्यंत मिळू शकते. एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगारापेक्षा कमी असावे, ही आम्ही घातलेली मर्यादा.

आपल्या राज्यात हा विषय नसेल तरी निराश होऊ नये. दक्षिणेकडील राज्यांची 'अ‍ॅकॅडमिक कॉमन मार्केट' ही योजना आहे. आपल्या राज्यात न मिळणारी पदवी शेजारच्या सहभागी राज्यात, तिथल्या रहिवाशांच्या फीमध्ये घेता येते. पश्चिमेकडील योजनेत रहिवाशांच्या फीच्या जास्तीत जास्त दीडपट फी पडते. कोणती विद्यापीठे आणि कोणते विषय यात आहेत, ते मात्र आधी विचारून घ्यावे.

एच-४ व्हिसावर असलेल्या मुलांच्या घरांसाठी एक सूचना. या मुलांना फाफ्साची सरकारी मदत मिळत नाही. राज्याची कमी फी लागू होते की नाही हे राज्याराज्यावर अवलंबून आहे. त्यांना पगारी काम करता येत नाही, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. या क्षेत्रात इंटर्नशिपशिवाय पुढे सरकता येत नाही. तेव्हा कॉलेज निवडण्याआधीच वकिलाचा सल्ला घ्यावा.

इंटर्नशिपवरून आम्हाला मुख्य गोष्ट उमगली. हैदराबादच्या मराठी घरातले हर्षा भोगले केमिकल इंजिनिअर, पुढे आय.आय.एम.चे पदवीधर. समालोचन ते शिकले आकाशवाणीच्या हैदराबाद केंद्रावर, एकोणिसाव्या वर्षापासून. इथले बॉब कोस्टस आणि माइक टिरिको सिराक्यूज विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर तयार झाले. पदवीवर काय छापले आहे त्यापेक्षा विद्यार्थिदशेत माइक किती वेळा हातात आला, हे अधिक उपयोगी पडते. असे रेडिओ केंद्र आणि खेळांचा मोठा विभाग कितीतरी सरकारी विद्यापीठांतही असतो. म्हणून कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारती दाखवणाऱ्याला एवढेच विचारा: पहिल्या वर्षाच्या मुलांना इथे काम मिळते का? गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेली मुले कुठे नोकरीला लागली?

आमच्या मुलीने शेवटी आमच्याच राज्याचे विद्यापीठ घेतले. पदवी साधी पत्रकारितेची आहे, नावात 'स्पोर्ट्स' नाही. पण पहिल्याच सत्रापासून ती क्रीडा विभागाच्या कार्यालयात काम करते. शनिवारी मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्यांची आकडेवारी घेते, आणि तासाचे पैसेही मिळतात. आजोबांना पुण्याहून अजून एकच काळजी: "क्रिकेट कधी?" २०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, असे ती त्यांना सांगते.

ज्या घरी हा विषय निघाला असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात आम्हाला जरूर भेटावे. बेरजांचे कागद आम्ही जपून ठेवले आहेत. पेढे मात्र या वेळी बेरीज झाल्यावरच आणू.