नवा ट्रॅक्टर : मोबाइलवरचा मध्यस्थ की तालुक्याचा डीलर?



ऊसबिलाचा हप्ता बँकेत जमा झाला की गट कार्यालयात दोन चौकश्या वाढतात. एक म्हणजे पुढचा हप्ता कधी, आणि दुसरी म्हणजे ट्रॅक्टर कोणता घ्यावा. पहिलीचे उत्तर शेतकी खात्याच्या हाती नाही. दुसरीचे उत्तर आम्ही आजवर रान, अवजारे आणि ट्रॉलीचा भार पाहून देत आलो. परंतु अलीकडे या दुसऱ्या चौकशीला एक नवा फाटा फुटला आहे. "साहेब, मोबाइलवर तोच ट्रॅक्टर तीस हजारांनी स्वस्त दिसतोय. मग आपल्या डीलरच्या दारात कशाला जायचं?"

प्रश्न रास्त आहे. तीस हजार म्हणजे काही थोडी रक्कम नव्हे. म्हणून या अंकात त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की नेटवर ट्रॅक्टरचे भाव दाखवणारी जी संकेतस्थळे आहेत, त्यांतील बहुतेकांकडे विकायला ट्रॅक्टर नसतोच. गोडाऊन नाही, मेस्त्री नाही, बिलबुक नाही. त्यांच्याकडे असते ती माहिती, आणि ते गोळा करतात तीही माहितीच. म्हणजे आपले नाव, गाव, मोबाइल नंबर आणि खरेदी कधी करणार ते. ही माहिती ते डीलरकडे, कंपनीकडे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पाठवतात आणि त्याचा मोबदला घेतात. आपल्याला सेवा फुकट वाटते, कारण तिथे माल आपणच असतो. ही रीत मूळची मोटारगाड्यांच्या धंद्यातली. अमेरिकेत १९९५ साली ऑटोबायटेल नावाच्या कंपनीने ती सुरू केली. गिऱ्हाईक नेटवर मागणी नोंदवायचे, कंपनी ती त्या भागातल्या डीलरकडे पाठवायची आणि डीलर कंपनीला फी द्यायचा. गाडी शेवटी डीलरच्याच दारातून निघायची. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या बाबतीत आज तेच चालले आहे.

खात्री करावी म्हणून आम्ही एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत अशाच एका संकेतस्थळावर आमचा नंबर टाकला. चहा येईपर्यंत पहिला फोन आला. संध्याकाळपर्यंत सात झाले. त्यांत दोन कर्जवाले, एक जुना ट्रॅक्टर विकत घेणारा, तीन लांबलांबचे डीलर, आणि सातवा? सातवा आपल्याच तालुक्याच्या शोरूममधला विक्रेता! आवाज ओळखून तो म्हणाला, "साहेब, तुम्ही का? मग समोरच्या रस्त्यानंच यायचं की!" नंतर आठवडाभर फोन येत राहिले ते वेगळेच.

आता त्या तीस हजारांकडे वळू. मागल्या गळीत हंगामाच्या तोंडावर आमच्या गटातील एका सभासदाने दोन कोटेशने आणली होती. ट्रॅक्टर एकच, ५० अश्वशक्तीच्या आतला. तालुक्याच्या डीलरची रक्कम ७,९२,००० आणि नेटवरून गाठलेल्या, सुमारे १६० किलोमीटरवरच्या डीलरची ७,६१,०००. फरक ३१,०००. त्यांनी लांबचा घेतला. आमच्याकडे कोटेशने दाखवायला आले ते खरेदीनंतर, आणि तेही दुसऱ्याच कामासाठी. तेव्हा दोन्ही कागद आम्ही शेजारी शेजारी ठेवून ओळीओळीने फोडले.

तालुक्याच्या कोटेशनात ट्रॅक्टरची किंमत जी.एस.टी.सह ७,३५,०००, विमा २४,०००, पासिंगच्या नावाखाली ९,०००, हूड, बंपर, हूक वगैरे जोडसामान १८,००० आणि 'इतर' म्हणून ६,००० धरले होते. लांबच्या कोटेशनात ट्रॅक्टर ७,२२,०००, विमा २१,०००, पासिंग ९,००० आणि 'इतर' ९,००० होते. जोडसामान नव्हतेच. ते इथे येऊन १६,००० ला घ्यावे लागले, आणि ट्रॅक्टर गावापर्यंत ट्रकने आणायला ११,००० पडले. झाले ७,८८,०००. म्हणजे ३१,००० चा फरक प्रत्यक्षात ४,००० वर आला, आणि आर.सी. बुकासाठी तीन वेळा मारलेले हेलपाटे यात धरलेले नाहीत.

यावरून लांबचा डीलर लबाड होता असे कोणी समजू नये. ट्रॅक्टरची निव्वळ किंमत त्याने खरोखरच १३,००० नी कमी लावली होती. चूक झाली ती बेरजेची बेरजेशी तुलना करण्यात. एका कागदावर पाच ओळी आणि दुसऱ्यावर चार असतील, तर खालची रक्कम पाहून काहीच कळत नाही. 'इतर' या शब्दाखाली काय आहे ते दोन्ही ठिकाणी विचारावे. सरकारी फीची सरकारी पावती निघते. जिची पावती निघत नाही ती डीलरची स्वतःची आकारणी समजावी आणि तिच्यावर घासाघीस करावी. विमा कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार खरेदीदाराचा आहे. डीलरकडचाच घ्या अशी सक्ती त्याला करता येत नाही. दोन ठिकाणचे भाव काढले की इथेच पाच-सात हजार सुटल्याचे आम्ही पाहिले आहे. मात्र ट्रॉली ओढायची असेल तर पॉलिसीत ट्रॉलीचीही नोंद आहे ना, हे स्वस्ताईच्या आधी पाहावे.

नेटवर दिसणाऱ्या किमतीबाबत आणखी एक सांगायला हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ७ लाख असेल तर पूर्वी तो ७,८४,००० ला पडत होता, तो आता ७,३५,००० ला पडतो. फरक ४९,००० चा. नेटवरचे सगळेच आकडे वेळेवर बदललेले असतात असे नाही. तेव्हा जुना भाव समोर धरून कोणी 'तुमच्यासाठी चाळीस हजार सूट' म्हणत असेल, तर ती सूट त्याच्या खिशातली नाही. आकडा कोणत्या तारखेचा, हे आधी विचारावे.

आता तालुक्याच्या डीलरकडे पाहू. त्याची बाजू घ्यायला आम्ही बसलेलो नाही. एका सभासदाला 'कालच गाडीतून उतरला' म्हणून जो ट्रॅक्टर दिला गेला, तो चौदा महिने आधी कारखान्यातून निघालेला होता. वर्षभर उन्हापावसात उभा राहिलेला माल नव्या भावाने गेला. जुना ट्रॅक्टर बदलीत द्यायचा असेल तर दुसरी गंमत होते. जुन्याला वीस हजार चढवून देतात आणि नव्याची सूट तेवढीच काढून घेतात. गडी खुशीत घरी जातो. म्हणून जुन्याचा भाव आणि नव्याचा भाव नेहमी वेगवेगळा लिहून घ्यावा, आणि जुना बाहेर कितीला जातो हे आधी बाजारात पाहावे. नेटचा खरा उपयोग इथे आहे.

कागदांचे म्हणाल तर फॉर्म २१ म्हणजे डीलरने दिलेला विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२ म्हणजे कंपनीने दिलेला, वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला. उत्पादनाचा महिना व वर्ष पैसे भरण्याआधी पाहावे. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदावरून नव्हे, तर प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर वाकून वाचावा आणि कागदाशी ताडून घ्यावा. यात लाज कसली? बेण्याचा डोळा आपण पाहूनच घेतो ना.

यंत्राची ताकद मोजताना मध्यस्थांच्या तक्त्यांवर फार विसंबू नये. तिथे बहुधा इंजिनाची अश्वशक्ती ठळक छापलेली असते. रोटाव्हेटर चालतो पी.टी.ओ.च्या ताकदीवर आणि भरलेली ट्रॉली निघते ती ओढशक्तीवर, ट्रॅक्टरच्या वजनावर आणि ब्रेकवर. मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तिच्या अहवालात हे आकडे असतात. तो अहवाल डीलरकडे मागावा.

सर्वांत मोठे नुकसान मात्र ट्रॅक्टरच्या भावात होत नाही, ते कर्जात होते. मोबाइलवरच्या मध्यस्थालाही आणि शोरूमलाही कर्ज जुळवून दिल्याचे कमिशन मिळू शकते, म्हणून 'कर्ज जाग्यावर मंजूर' ही हाक दोन्हीकडून येते. दर सांगतात ९ टक्के, आणि हळूच म्हणतात 'फ्लॅट'. या एका शब्दाचा हिशेब मांडतो. ६ लाख कर्ज, मुदत ५ वर्षे, हप्ते सहामाही. ९ टक्के फ्लॅट म्हणजे पाचही वर्षे पूर्ण ६ लाखांवर व्याज. ते होते २,७०,०००. हप्ता ८७,००० चा. प्रत्येक हप्त्याने मुद्दल फिटत असते, तरी व्याज फिटलेल्या मुद्दलावरही चालूच राहते. हाच दर घटत्या शिलकीवर मोजला तर जवळजवळ १५ टक्के पडतो. याउलट बँक ११ टक्के सांगते, पण घटत्या शिलकीवर. तिचा सहामाही हप्ता सुमारे ७९,६०० येतो आणि पाच वर्षांचे एकूण व्याज सुमारे १,९६,०००. म्हणजे ९ टक्केवाल्यापेक्षा ११ टक्केवाला ७४,००० नी स्वस्त! रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत सर्व आकार धरून वार्षिक दर किती पडतो, हे लिहिलेला माहितीचा कागद कर्जदाराला द्यावा लागतो. तो हातात आल्याशिवाय सही करू नये. बँकेच्या कर्जात सातबाऱ्यावर बोजा चढण्याची शक्यता असते आणि वेळही लागतो, हे खरे. पण ७४,००० मध्ये सोसायटीचे किती हप्ते बसतात ते ज्याचे त्याने मोजावे.

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमतीपत्र येण्याआधी ट्रॅक्टर खरेदी करू नये. 'ऑफर आज रात्री संपते' अशा फोनाला भुलून आधीच बिल फाडले, की अनुदानावर पाणी सोडावे लागते. ऑफर पुन्हा येते.

एक धोक्याची सूचनाही इथेच देतो. बदली झाली म्हणून अर्ध्या किमतीत ट्रॅक्टर विकणारे 'फौजी' नेटवर भेटतात. आधी पाच हजार पाठवा, मग वाहतुकीचे, मग कसले तरी कराचे असे पैसे उकळले जातात. ट्रॅक्टर कधीच येत नाही. पैसे भरायचे ते फक्त डीलरच्या फर्मच्या बँक खात्यावर, आणि पावती घेऊन. कोणी फसलाच तर विनाविलंब १९३० या नंबरवर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते.

आता त्या लांबून खरेदी केलेल्या ट्रॅक्टरचे पुढे काय झाले ते सांगतो. डिसेंबरमध्ये, ऐन तोडणीत, त्याच्या क्लचने दगा दिला. वॉरंटी कंपनीची असल्याने तालुक्याच्या डीलरने काम नाकारले नाही, नाकारताही आले नसते. परंतु शेडमध्ये त्याच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांचे चार ट्रॅक्टर आधी उभे होते आणि मेस्त्री दोनच. पार्ट मागवायचा, कंपनीची मंजुरी यायची, यात नऊ दिवस गेले. नऊ दिवस टोळी फडात बसून. पहिल्या दिवशी तोडलेला ऊस दुसऱ्या वाहनाने उचलायला आम्हाला दीड दिवस लागला, आणि तोडलेला ऊस चोवीस तासांपुढे पडून राहिला की वजनही घटते आणि साखरही, हे सभासदांना आम्ही सांगायला नको. टोळीच्या मुकादमाने दुसरे वाहन धरण्याची भाषा सुरू केली, तेव्हा त्या गृहस्थांचा चेहरा पाहवत नव्हता. उचल त्यांनी स्वतः अंगावर घेतली होती. चार हजारांच्या बचतीसाठी, काय राव!

ज्यांचा ट्रॅक्टर फक्त घरच्या मशागतीला आहे, त्यांची गोष्ट निराळी. मशागतीत नऊ दिवस इकडचे तिकडे झाले तर निभते. लांबच्या डीलरकडे सर्व धरून पंचवीस-तीस हजार खरोखर सुटत असतील तर त्यांनी जरूर तिकडून घ्यावा. वाहतुकीचा करार करणाऱ्याने मात्र आधी शोरूमच्या मागचा शेड पाहावा आणि मग पुढची काच. मेस्त्री किती, हंगामात रात्री फोन उचलतात का, नेहमी लागणारे पार्ट कपाटात आहेत की नाही, हे त्या डीलरच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारावे.

यंदा त्याच गटातील दुसऱ्या एका सभासदाने नेटवरून तीन डीलरांची लेखी कोटेशने काढली, त्यांतली फक्त ट्रॅक्टरची ओळ अधोरेखित केली आणि ती घेऊन तालुक्याच्या शोरूममध्ये बसले. दोन चहा झाले. ७,३५,००० चे ७,२५,००० झाले, 'इतर' ही ओळ गेली आणि विमा त्यांनी बाहेरून घेतला. कर्ज जिल्हा बँकेचे. पूजा दसऱ्याला झाली.

ज्या सभासदांना आपले कोटेशन तपासून घ्यायचे असेल त्यांनी बाजारच्या दिवशी सकाळी दहा ते एक या वेळेत गट कार्यालयात यावे. कोटेशन शिक्क्यासह असावे. मोबाइलवरचा फोटोही चालेल, पण खालची बारीक अक्षरे वाचता येतील असा काढावा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते