प्रस्थापित कंपनीतील नवा व्यवसाय आणि नेतृत्वाची गृहीतके : साळाव येथील स्पंज आयर्न प्रकल्पाच्या संदर्भात

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमात 'नवप्रवर्तन' हा घटक आला की आपण बहुधा परदेशी कंपन्यांची उदाहरणे देतो. मुरुड तालुक्याच्या उत्तर टोकाला, कुंडलिका खाडीच्या काठावर असलेले उदाहरण मात्र वर्गात क्वचितच येते. रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीद-मुरुडकडे जाणारा प्रवासी साळावचे विक्रम विनायक मंदिर पाहतो. मंदिरामागील कारखान्याकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. एका जुन्या, यशस्वी कंपनीने आपल्या मूळ व्यवसायापासून बऱ्याच दूरच्या क्षेत्रात टाकलेले पाऊल म्हणून हा कारखाना अभ्यासण्यासारखा आहे.

प्रकल्पाची पार्श्वभूमी

ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी १९४७ साली स्थापन झाली व १९८६ मध्ये तिचे नाव ग्रासिम इंडस्ट्रीज असे झाले. मध्य प्रदेशातील नागदा येथे व्हिस्कोस तंतूचे उत्पादन हा तिचा मूळ व्यवसाय. त्या तंतूसाठी लागणारा लगदा व कॉस्टिक सोडा स्वतःच तयार करावा, ही तिची वाढीची रीत होती. १९८५ मध्ये जावद येथील विक्रम सिमेंटद्वारे कंपनी सिमेंट उत्पादनात उतरली आणि आदित्य विक्रम बिर्ला यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये साळाव येथे 'विक्रम इस्पात' सुरू झाले.

येथील प्रक्रिया थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व प्रश्न तिच्यातूनच निर्माण होतात. लोहखनिज न वितळवता, नैसर्गिक वायूपासून मिळवलेल्या हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइडच्या साहाय्याने त्यातील प्राणवायू काढून टाकला जातो. उरते ते सच्छिद्र लोह, म्हणजे स्पंज आयर्न. ते गरम असतानाच दाबून त्याच्या विटा केल्या की ते हवेत सहजासहजी गंजत वा पेटत नाही व जहाजाने नेता येते. विद्युत भट्टीत ते भंगाराला पर्याय ठरते. मेक्सिकोतील माँतेरे येथे विकसित झालेले तंत्रज्ञान साळावला वापरण्यात आले.

१९९१ नंतर पोलाद क्षेत्र खाजगी उद्योगांना खुले झाले होते. चांगल्या भंगाराची देशात टंचाई होती, खनिज समुद्रमार्गे धक्क्यापर्यंत आणता येत होते आणि बॉम्बे हायचा वायू रायगडच्या किनाऱ्यावर उतरत होता. कागदावर या प्रकल्पात उणीव काढणे कठीण होते.

गृहीतक आणि ज्ञान

रिटा मॅकग्रा व इयान मॅकमिलन यांनी १९९५ मध्ये नव्या व्यवसायाच्या नियोजनाविषयी एक महत्त्वाचा भेद मांडला. जुन्या व्यवसायाचे नियोजन मुख्यतः ज्ञात गोष्टींवर चालते, तर नव्या व्यवसायात ज्ञात थोडे व गृहीत फार असते. प्रस्थापित कंपनीची अडचण अशी की तिच्या अंदाजपत्रकाच्या रीतीत गृहीतकही ज्ञात आकड्याच्याच रकान्यात जाऊन बसते, आणि एकदा तेथे बसले की त्याची पुन्हा तपासणी होत नाही. हा भेद साळावला लावून पाहता येतो.

तंत्रज्ञान, बांधणी, भांडवल आणि कामगारांचे प्रशिक्षण या बाबी ग्रासिमसारख्या कंपनीच्या आटोक्यातील होत्या. पुढे वार्षिक ९ लाख टनांची क्षमता उभी राहिली, ती याच बळावर. वायू मात्र तिच्या हातात नव्हता. त्याचे वाटप सरकारी धोरणाने ठरत असे आणि त्या वाटपात खतनिर्मितीसारख्या क्षेत्रांना पोलादापेक्षा अग्रक्रम होता. प्रस्तुत लेखकाच्या मते सिमेंट आणि स्पंज आयर्न यांच्यातील खरा फरक येथे आहे. सिमेंटमध्ये चुनखडीची खाण कारखान्याजवळ व कंपनीच्या ताब्यात राहू शकते आणि वीजही स्वतः निर्माण करता येते. म्हणजे कच्चा माल आपल्या हाती ठेवण्याची कंपनीची जुनी रीत तेथे उपयोगी पडली. साळावला ती लागू करण्याची सोयच नव्हती. एकाच कंपनीचे, एकाच नेतृत्वाने सुरू केलेले हे दोन नवे व्यवसाय. त्यांपैकी एक २००४ मध्ये लार्सन अँड टुब्रोचा सिमेंट व्यवसाय ताब्यात आल्यानंतर समूहाचा कणा बनला, तर दुसरा २००९ मध्ये सुमारे १,०३० कोटी रुपयांना वेलस्पन समूहाकडे गेला.

हा धोका कंपनीला अपरिचित होता असेही नाही. केरळमधील मावूर येथील तिचा लगदा कारखाना २००१ मध्ये कायमचा बंद झाला. त्यामागील कारणांत कामगार संघर्ष व चालियार नदीच्या प्रदूषणाबरोबर कच्च्या मालाच्या पुरवठ्याचा प्रश्नही होता.

विक्रीचा निर्णय अपयशाची कबुली मानावा काय? तसे म्हणणे घाईचे होईल. चालू स्थितीतील कारखाना योग्य मोबदल्यात विकून भांडवल मुख्य व्यवसायांकडे वळवणे हाही नेतृत्वाचाच भाग आहे. तो आपण पुरेसा शिकवत नाही. सुरू करणाऱ्याचे चरित्र लिहिले जाते, थांबवणाऱ्याचे सहसा नाही.

मालकी बदलल्यानंतर

वेलस्पनने कारखाना घेतला त्याच वर्षी कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्राचा वायू उपलब्ध होऊ लागला. परंतु तेथील उत्पादन लवकरच घटले आणि २०११ मध्ये पोलाद उद्योगाला मिळणाऱ्या त्या वायूवर गदा आली. आयात वायू महाग होता. मालक बदलला तरी मूळ गृहीतक तेच राहिले होते.

२०१४ मध्ये हा कारखाना जेएसडब्ल्यू स्टीलने घेतला. या कंपनीने २०१० मध्ये इस्पात इंडस्ट्रीज ताब्यात घेतल्यामुळे पेण तालुक्यातील डोलवी येथील पोलाद कारखाना तिच्याकडे आलेला होता. त्यामुळे साळावच्या मालाला घरचेच गिऱ्हाईक मिळाले व खाडीवरील धक्क्यालाही वेगळे मोल आले. मालाची बाजू अशी सावरली, वायूची नाही. डोलवीच्या स्पंज आयर्नसाठी तेथील कोक भट्ट्यांचा वायू उपयोगात आणता आला. साळावला कोक भट्टी नाही.

हरित पोलादाच्या योजनेसाठी अलीकडे पुन्हा साळावचे नाव पुढे आले आहे. नैसर्गिक वायूऐवजी हायड्रोजनने लोहखनिजातील प्राणवायू काढणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि साळावची मूळ प्रक्रियाही त्याला जवळची आहे. स्वस्त हायड्रोजन कोण, किती आणि कोणत्या दराने देणार, हा आकडा नव्या प्रकल्पाच्या कागदांत ज्ञाताच्या रकान्यात लिहिला जातो की गृहीताच्या, हे मुरुड-रेवदंड्याच्या विद्यार्थ्यांना खाडीच्या याच काठावरून पाहता येईल.