चार कोटी अंकांची संख्या आणि उपयोगाचा प्रश्न

दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला असता येणारी संख्या मूळ आहे, असे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक या गतीने ती अहोरात्र लिहीत बसल्यास सुमारे ४७५ दिवस लागतील.

अशी वार्ता आली की उपयोग काय, हा प्रश्न येतोच. बँकांचे व्यवहार मूळ संख्यांवर चालतात, हे त्याचे ठरीव उत्तर. ते अर्धसत्य आहे. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ साली शोधलेल्या गूढलेखन पद्धतीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करतात आणि त्या दोन संख्या गुप्त राखतात. त्यासाठी काहीशे अंकांच्या संख्या पुरतात. जगजाहीर झालेली संख्या तर या कामी कवडीमोलच! ज्ञानाला उपयुक्ततेची उसनी झूल चढविण्याची ही खोड आपल्या शिक्षणातही पुरती मुरली आहे.

खरे मोल आहे ते ही गोष्ट कळली कशी, यात. एकेका संख्येने भागून पाहण्यास विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल. फ्रेंच गणिती ल्युका याने पाया घातलेली व अमेरिकन गणिती लेमर याने सुटसुटीत केलेली रीत मात्र शाळकरी मुलालाही जमेल. चारपासून आरंभ करावा. वर्ग करून दोन वजा करावेत. उत्तराला तपासावयाच्या संख्येने भागून बाकी ठेवावी. घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य उरली तर संख्या मूळ. ३१ म्हणजे दोनाचा पाचवा घात वजा एक. म्हणून पायऱ्या तीन : १४, ८, ०.

या रीतीत अवयव शोधावेच लागत नाहीत. दोनाचा ६७ वा घात वजा एक ही संख्या मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली मूळ मानली होती. ती तशी नाही, हे ल्युकाने १८७६ साली दाखविले. पण तिचा एकही अवयव त्याच्या हाती नव्हता. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे अवयव अमेरिकेतील कोल याने १९०३ साली दिले. मूळपणा ठरविणे आणि अवयव पाडणे यांतील हे अंतर हाच बँकेच्या त्या कुलपाचा आधार होय. म्हणजे उपयोग निघाला खरा, पण ल्युकानंतर शंभर वर्षांनी. आणि तो डोळ्यांपुढे ठेवून ल्युका गणिताला बसला नव्हता.

कोणत्याही संख्येचा मूळपणा निश्चितपणे व झटपट ठरविता येतो, हे २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. त्यांपैकी कयाल व सक्सेना नुकतेच बी.टेक. झाले होते. आपल्या वर्गांतून मात्र मूळ संख्येची व्याख्या पाठ करवून घेतली जाते आणि धडा संपतो. १२७ साठी वरच्या रीतीने पाचच पायऱ्या लागतात : १४, ६७, ४२, १११, ०. एका तासिकेत त्या फळ्यावर सहज मावतात, आणि मग २०४७ घेतल्यास शेवटी शून्य का येत नाही, हे मुले आपणहून विचारतील.