कृष्णाकाठची दगडी बाणटोके : ओळख आणि जपणूक

बाणाचे दगडी टोक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक आकृती उभी राहते : बोटभर लांबीचा त्रिकोण, दोन्ही बाजूंना खाचा आणि खाली दांड्यात बसवण्यासाठी ठेवलेला बुंधा. ही आकृती प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील आहे. तिकडे समुद्रकिनाऱ्यावर किंवा नांगरलेल्या शेतात असा बाण सापडल्याच्या हकिकती घरोघरी ऐकायला मिळतात. सातारा-सांगलीच्या परिसरात मात्र हीच आकृती मनात धरून शोध घेतला, तर हाती काहीच लागणार नाही आणि जे खरोखर बाणाचे टोक असू शकते ते पायाखालून निघून जाईल. कारण ते नखाएवढे असते.

आमच्या विद्यालयातील मुले सुट्टीहून परतताना खिशात दगड घेऊन येतात आणि “सर, हा बाण आहे का?” असे विचारतात. माजी विद्यार्थी आणि पालकही अधूनमधून असे नमुने दाखवतात. त्या सर्वांसाठी ही माहिती एकत्र मांडत आहोत.

भारतातील अश्मयुगाच्या शोधाला आरंभ झाला तो ३० मे १८६३ रोजी. भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना चेन्नईजवळील पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले. पुढे याच फूट यांनी दक्षिण महाराष्ट्र व त्यालगतच्या प्रदेशाचे भूस्तरीय सर्वेक्षण केले आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईभोवतालच्या किनारपट्टीवर आणि टेकड्यांवर नौदलातील अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी चिकाटीने दगडी हत्यारे वेचली व त्यांवर १९३९ आणि १९५० मध्ये निबंध लिहिले. पुढे एस. सी. मलिक यांनी मुंबई आणि सातारा या दोन जिल्ह्यांतील अश्मयुगीन हत्यारांचा एकत्र अभ्यास केला. तो १९५९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने प्रसिद्ध केला. समुद्राचा किनारा आणि आपला घाटमाथा एकाच पुस्तकात आले, ही गोष्ट आपल्या भागात फारशी कोणाला ठाऊक नाही. आजचा सांगली जिल्हा १९४९ पासून ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखला जाई आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. म्हणून जुन्या लिखाणात ‘सातारा’ हा शब्द आला, की कोणता काळ आणि कोणती हद्द, हे आधी पाहावे लागते.

आपल्याकडील या नखाएवढ्या हत्यारांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. लांबी साधारणपणे एक ते तीन सेंटिमीटर. चंद्रकोर, त्रिकोण, समलंब चौकोन, टोकदार पाते असे त्यांचे आकार असतात. एकटे सूक्ष्मास्त्र हे पूर्ण हत्यार नव्हेच. लाकडाच्या, बांबूच्या किंवा हाडाच्या दांड्याला खाच पाडून तीत डिंकासारख्या चिकट द्रव्याने अशी पाती बसवली जात. एक टोकाला, बाकीची कडेने दात्यांसारखी. एखादे पाते तुटले तर तेवढेच बदलायचे. भीमबेटका येथील शैलचित्रांत असे काटेरी बाण रेखाटलेले आहेत. उत्तर प्रदेशातील सराय नाहर राय येथे तर मानवी सांगाड्याच्या हाडात रुतलेले सूक्ष्मास्त्र मिळाले; तेव्हा या चिमुकल्या दगडाचा एक उपयोग काय होता, याबद्दल शंका उरत नाही. मात्र मेहेरगढ येथे हीच पाती डांबरात बसवून विळा केलेला आढळतो. म्हणजे पाते सापडले की तो बाणच, असे धरून चालता येत नाही. टोकाला आघाताने उडालेली विशिष्ट कपची सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, तरच बाणाचे नाव घ्यावे.

काळाविषयीही तेवढीच सावधगिरी हवी. मध्य प्रदेशातील मेहताखेडी येथील सूक्ष्मास्त्रे सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीची ठरली आहेत. श्रीलंकेतील एका गुहेतील सूक्ष्मास्त्रेही जवळपास तितकीच प्राचीन आहेत. ती गुहा भगवान बुद्धांच्या धम्माचा मागोवा घेत भारत व सिंहलद्वीपात आलेल्या फाहियान या चिनी भिक्खूच्या नावाने ओळखली जाते, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल. दुसरीकडे, पुणे जिल्ह्यातील इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी अवघ्या तीन हजार वर्षांपूर्वीही कॅल्सेडनीची पाती वापरत होते. त्यामुळे एकट्या पात्यावरून त्याचे वय सांगणारा माणूस भेटला, तर त्याला नम्रपणे हात जोडावेत. शेजारी खापरे होती का, कोणत्या थरातून आले, हे कळल्याखेरीज वय ठरत नाही.

या हत्यारांचा कच्चा माल आपल्या काळ्या कातळातच दडलेला आहे. दख्खनचा बेसॉल्ट लाव्हारसापासून बनला. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि कालांतराने त्यांत सिलिका साचून कॅल्सेडनी, अकीक, जास्पर तयार झाले. कातळ झिजला की हे गोटे सुटतात आणि ओढ्यांतून कृष्णा, कोयना, येरळा, वारणा, माण यांच्या पात्रांत येतात. गावाकडे आपण त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो. काचेसारखा फुटणारा आणि ब्लेडसारखी धार देणारा दुसरा दगड या भागात सहज मिळत नाही.

ओळखायचे कसे? असा दगड ठोकला की निघणाऱ्या छिलक्यावर आघाताच्या खुणा राहतात. जेथे घाव बसला तेथे लहानसा सपाट भाग, त्याच्या लगेच खाली गुळगुळीत फुगवटा आणि तेथून पसरत जाणाऱ्या, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या मंद लहरी. पालथ्या बाजूवर आधी निघालेल्या छिलक्यांचे खोलगट ठसे असतात आणि ते बहुधा एकाच दिशेने धावतात. पाते असेल तर लांबी रुंदीच्या निदान दुप्पट आणि पाठीवर एकदोन समांतर कणे. ज्या गोट्यातून पाती काढली तो गाभा सापडला तर उत्तमच. दुधी सोलल्यावर दिसाव्यात तशा उभ्या पट्ट्या त्याच्या अंगावर ओळीने असतात.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे बोथट केलेली पाठ. चंद्रकोरीची सरळ बाजू धारदार असते. वळणदार बाजूवर मात्र बारीक बारीक कपच्या उडवून ती जाणूनबुजून बोथट केलेली असते, म्हणजे ती दांड्यात घट्ट बसावी. या कपच्यांचे ठसे एकाच कडेला, जवळजवळ उभ्या उतारात, एकामागून एक दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात, दगड कोरडा असताना, दहापट भिंगातून पाहावे. ओला दगड सुंदर दिसतो, पण ठसे लपवतो.

फसवणारे दगडही पुष्कळ. बैलगाडीचे चाक, नांगराचा फाळ, क्रशरची खडी, पुरात आपटलेले गोटे या सगळ्यांमुळे कपच्या उडतात. परंतु त्या कोठेही, कोणत्याही दिशेने उडालेल्या असतात आणि ताज्या फुटीचा रंग जुन्या पृष्ठभागाहून वेगळा दिसतो. काडेपेटी येण्यापूर्वी चकमकीने विस्तव पाडत. त्या गारगोटीच्या कडा चुरडलेल्या असतात, कधी लोखंडाचा डागही असतो. एका दगडावरून काहीच सिद्ध होत नाही. एकाच जागी दहा छिलके, एखादा गाभा आणि चुरा मिळाला, तर तेथे कोणीतरी बसून काम केले होते असे म्हणता येते. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा गुरूचा शब्द यांवर न विसंबता स्वतः पडताळून पाहावे, हे कालाम सुत्त आमची मुले पाठ करतात. त्याचा सराव करायला गारगोटीइतके सोपे साधन नाही.

किनाऱ्यावर आणि नदीपात्रात आणखी एक अडचण असते : पाणी वस्तू हलवते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. त्या काळचा किनारा आज पाण्याखाली आहे. आजच्या पुळणीवर जे मिळते ते बरेचदा लगतच्या उतारावरून धुऊन आलेले असते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीच्या बाजूला ‘टेरी’ नावाच्या तांबड्या वाळूच्या टेकड्या आहेत. तेथे सूक्ष्मास्त्रांबरोबर दोन्ही बाजूंनी घडवलेली छोटी बाणटोकेही मिळाली. झॉयनर आणि ऑल्चिन यांनी १९५६ मध्ये त्यांचे वर्णन केले. ती वाळूत जागच्या जागी राहिल्यामुळेच त्यांचा अभ्यास होऊ शकला. आपल्याकडे नदीच्या मधोमध मिळालेल्या पात्याच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर ते दूरवरून आले. धार शाबूत असेल तर मूळ जागा जवळच, बहुधा काठाच्या उंच धक्क्यावर किंवा माळावर असते. यंत्रांनी वाळू उपसताना हे काठ ढासळतात आणि माळाचे सपाटीकरण होते. एका दिवसाच्या कामात एखादे स्थळ पूर्णपणे नाहीसे होऊ शकते, आणि ते होते हे कोणाला कळतही नाही.

म्हणून आमची विनंती अशी की दगड सापडला तर तो उचलण्याआधी शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, मोबाइलवर ठिकाणाची नोंद करावी, आसपास काय आहे ते दोन ओळींत लिहावे आणि दगड तेथेच राहू द्यावा. खणू नये, उत्खनन हे परवाना असलेल्या पुरातत्त्वज्ञांचे काम आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, तेव्हा तिची खरेदी-विक्री हा खेळ नव्हे. माहिती आमच्याकडे आली तर ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवता येईल.

विद्यालयाच्या कपाटात सध्या एक पत्र्याचा डबा आहे. एका पालकांनी तो आणून दिला. त्यांच्या आजोबांनी मेंढरांमागे हिंडताना आयुष्यभर वेचलेल्या गारगोट्या त्यात आहेत. बहुतेक साध्या आहेत. पण तीन चंद्रकोरी आणि एक गाभा इतके नेटके आहेत की भिंगाखाली पाहताना मुले श्वास रोखतात. आजोबा आता हयात नाहीत आणि डब्यात चिठ्ठी नव्हती. खानापूरचा माळ, आटपाडीची बाजू की त्याहून दूर, हे नातवालाही सांगता येत नाही. डब्यावर आम्ही ‘स्थळ अज्ञात’ असे लिहून ठेवले आहे. त्या काळी या भागात मेंढरे घेऊन हिंडलेले कोणी वडीलधारे आपल्या घरात, वस्तीवर असतील, तर पांढऱ्या-तांबड्या गारांचा चुरा पसरलेला माळ कोठे पाहिला होता, एवढे त्यांना विचारावे आणि आम्हाला कळवावे.